हत्ती आले त्या दिवसांतली खळगी

चंद्रपूरच्या सत्कार समारंभात सूत्रसंचालकाने माइकवरून जाहीर केलं की मी लहानपणी अंगणात पडून तारे मोजत असे. मी असलं काही केलेलं नाही. माझं लहानपण माजरीला, कोळसा खाणीच्या वसाहतीत गेलं. तिथे अंगणात झोपलं की सकाळी तोंडावर काळी पूड असायची आणि वर बघितलं तर धुळीचं मळकट छत. बाबा खाणीत पंपावर होते. आमच्या बुद्धविहारात एक लहानसं वाचनालय होतं. त्यातल्या विज्ञानाच्या एका पुस्तकात विश्वाच्या उत्पत्तीचं प्रकरण अर्ध्यावर फाटलेलं होतं. पुढे काय झालं ते कळावं म्हणून मी या विषयात आले, असं म्हटलं तर फार खोटं होणार नाही. पण हे सूत्रसंचालकाला सांगून उपयोग नव्हता. त्याच्या कागदावर तारे होते.

मंचामागच्या फ्लेक्सवर एक आकाशगंगा होती, तिच्यात माझा फोटो होता, आणि माझ्या फोटोच्या दुप्पट आकाराचे स्वागतोत्सुकांचे फोटो होते. वर मजकूर होता: विश्वाचा जन्म ऐकणारी भूमिकन्या. पंख्यामुळे समई पेटेना. पंखा बंद केला तर प्रमुख पाहुण्यांना घाम येई. शेवटी चार जणांनी तळहातांचा आडोसा करून दीपप्रज्वलन उरकलं. पहिल्या रांगेत बसलेल्या बाबांना उठवून तिसऱ्या रांगेत नेलं, कारण देणगीदार उशिरा आले होते. बाबा हसत हसत मागे गेले. त्या दिवशी त्यांना कशाचंच वाईट वाटणार नव्हतं.

माझ्या शेजारच्या खुर्चीवर माझा मित्र बसला होता. वीस वर्षांची मैत्री. पीएचडीला आम्ही एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसायचो. पुढे तो आमच्या गटाचा प्रमुख झाला आणि मी त्याच्या गटात आले. याचं मला कधी काही वाटलं नाही, कारण बैठका त्याला आवडत आणि मला आवडत नसत.

मी काय ऐकलं होतं, ते इथे सांगायला हवं. विश्व जन्माला आल्यावर बराच काळ अंधार होता. सगळीकडे थंड हायड्रोजन वायू, आणि तारा एकही नाही. मग पहिले तारे पेटले आणि त्यांच्या उजेडाने त्या वायूत एक बारीकसा बदल झाला. त्या बदलाची खूण रेडिओ लहरींत उरली असली पाहिजे, असं गणित सांगतं. आलेख काढला तर एका ठिकाणी रेषा किंचित खाली दबलेली दिसेल. आम्ही तिला खळगी म्हणायचो. अडचण अशी की ही खूण आपल्यापर्यंत येता येता ताणली जाऊन नेमकी एफएम रेडिओच्या शेजारी येऊन बसते. शहरात ती शोधणं म्हणजे लग्नाच्या बँडमध्ये कोणाचा तरी श्वास ऐकणं. म्हणून आम्ही आलापल्लीपासून आत, सागाच्या रानातली एक मोकळी जागा निवडली. जिथे फोन लागत नाही म्हणून लोक सरकारला शिव्या देत होते, तिथे आम्हाला स्वर्ग सापडला. मी या भागातली असल्याने परवानग्यांपासून राखणदार मिळेपर्यंतची सगळी कामं माझ्याकडे आली.

आमचा अँटेना म्हणजे चार पायांवर आडव्या बसवलेल्या दोन पत्र्याच्या फळ्या. खाली जमिनीवर तारेची मोठी जाळी अंथरलेली आणि बाजूला पुरलेल्या पेटीत नोंद घेणारं यंत्र. जवळच्या गावातला एक पन्नाशीचा गोंड माणूस राखणदार म्हणून मिळाला. त्याने पहिल्याच दिवशी त्या अँटेनाला खाट म्हटलं, आणि मग आम्हीही तेच म्हणायला लागलो.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. बाहेरच्या माणसाला ती वेडेपणाची वाटते. माणसाला जे हवं असतं ते त्याला दिसतं, वैज्ञानिकाला जरा जास्तच. म्हणून गटातल्या एकाला अधिकार दिलेला असतो: त्याने हवं तर नोंदींमध्ये स्वतः बनवलेली खोटी खूण मिसळायची. मिसळली की नाही हे कोणाला सांगायचं नाही. बाकीच्यांनी सगळं खरं समजून काम करायचं. तपासण्या संपल्या, आता यात बदल नाही असं सगळ्यांनी ठरवलं, की मगच त्याने तोंड उघडायचं. आम्ही याला मीठ घालणं म्हणायचो. दुसरा नियम पहिल्याइतकाच पक्का होता: मिठाचा खुलासा होईपर्यंत निकालाचा एक शब्दही गटाबाहेर जाऊ द्यायचा नाही. मीठ माझ्या मित्राकडे होतं; रानातल्या नोंदी आधी त्याच्याकडे जात, मग माझ्याकडे येत. त्याचं नाव मीच सुचवलं होतं.

पहिल्या हिवाळ्याच्या नोंदींत खळगी दिसली. मी खूश झाले नाही, घाबरले. असली खूण जमिनीमुळेही उमटू शकते. जाळीखाली ओलसर चिकणमातीचा थर असला की लहरी त्याच्यावरून उलटतात आणि खोटी खळगी तयार होते. ते तपासायचं तर जाळी उचलून जमीन खोदायची. ते मे महिन्यात, कारण जमीन तेव्हाच पूर्ण वाळलेली.

चंद्रपूर-गडचिरोलीचा मे महिना ज्यांना माहीत आहे त्यांना वेगळं सांगायला नको. सागाला पान नाही म्हणजे सावली नाही. राखणदारभाऊ आणि गावातले दोघे खोदत होते, मी मातीचे नमुने भरत होते. मित्र मुद्दाम शहरातून आला होता. तो माझ्यावर छत्री धरून उभा राहिला. मला ते फार आवडलं होतं.

"अजून थोडं खोल जाऊ या," तो राखणदारभाऊंना म्हणाला. "कडा सरळ ठेवा. तिरपा खड्डा उपयोगाचा नाही."

"साहेब, खाली मुरूम लागला आता. पहार वाजून राह्यली."

"मुरमाच्या खाली बघायचंय."

"मुरमाच्या खाली पाताळ हाय," भाऊ म्हणाले, आणि पुन्हा पहार उचलली.

चिकणमाती निघाली नाही. जाळी पुन्हा अंथरली, पुन्हा नोंदी घेतल्या, खळगी जागेवर होती. मी यंत्र बदललं, केबल बदलली, पेटी उन्हात ठेवून पाहिली, बर्फाच्या लाद्यांत ठेवून पाहिली. खळगी हलली नाही. मग पावसाळा आला आणि आलापल्लीचा रस्ता आमच्यापुरता बंद झाला. यंत्र आपोआप नोंदी घेत राहिलं. पावसाळ्यानंतर त्या शहरातच मागवून पाहिल्या तर श्रावणातले काही दिवस फारच वेडेवाकडे होते, सगळा आलेख पिळवटलेला. वीज आणि वादळ, असं मी गृहीत धरलं. पण तो पीळ गणिताने काढून टाकला तर खाली तीच खळगी, तितक्याच खोलीची. इतक्या घाण दिवसांतही जी खूण पुसली जात नाही ती आपली नसणार, आकाशाची असणार, असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं. तरीही मी तपासण्या संपल्या असं म्हटलं नव्हतं. आणखी एक हिवाळा हवा होता.

दिवाळीनंतर आमच्या प्रकल्पाचं पुढचं अनुदान ठरवणारी समिती आली. मित्राने तिच्यासमोर भाषण केलं. मी तिथे नव्हते. आठवड्याने स्थानिक पेपरात बातमी आली: गडचिरोलीच्या जंगलात विश्वाच्या जन्माची खूण, माजरीच्या कन्येचं यश. मी त्याला फोन केला.

"तू समितीला सांगितलंस?"

"आशादायक आहे एवढंच म्हटलं. बातम्या मी लिहीत नाही."

"आशादायक हाही शब्दच आहे. म्हणजे मीठ नाही असं समजू मी?"

तो हसला. "मला नियम मोडायला लावू नकोस."

मी फोन ठेवला आणि बराच वेळ खुर्चीत बसून राहिले. सुखाने. कारण नियम मला पाठ होता. मीठ असतं तर तो बाहेर बोललाच नसता. तो बोलला, याचा अर्थ एकच निघत होता. त्याने खोटं काही सांगितलं नाही. मी ते माझ्या मनाने जुळवलं, आणि मी ते कसं जुळवीन हे त्याला माहीत होतं. वीस वर्षांत एवढं तर कळतंच.

म्हणून मी सत्काराला हो म्हटलं. आदल्या संध्याकाळी मित्र आमच्याकडे जेवायला होता. बाबा आता भद्रावतीला राहतात. त्यांनी सकाळीच बाजारात जाऊन सांभार, म्हणजे कोथिंबीर, आणला, सांभारवड्या स्वतः तळल्या, आणि त्याला इतका आग्रह केला की तो म्हणाला, "बाबा, उद्या मंचावर मला उठता येणार नाही." बाबांनी त्याला विचारलं, "आमच्या पोरीनं आयकलं थे खरंच लय जुनं हाय का हो?" तो म्हणाला, "यापेक्षा जुनं ऐकायला काही नसतंच, बाबा." आणि आणखी एक वडी घेतली.

तर आता समारंभाकडे. प्रमुख पाहुणे मंगळावरच्या यानाबद्दल बोलले. त्याच्याशी माझा काही संबंध नाही. मग माझी पाळी आली. मी सोप्या शब्दांत बोलले आणि शेवटी माझा सगळ्यात मोठा पुरावा सांगितला: श्रावणात जेव्हा सगळं वेडंवाकडं झालं होतं, तेव्हाही ही खूण जशीच्या तशी होती. टाळ्या पडल्या. मग माझ्याच आग्रहाने राखणदारभाऊंना बोलावलं गेलं. ते नवा पांढरा शर्ट घालून एसटीने आले होते. त्यांना शाल दिली, नारळ दिला, आणि सूत्रसंचालकाने त्यांच्यासमोर माइक धरला.

"दोन शब्द बोला."

"मले काई बोलता येत नाई," भाऊ म्हणाले, आणि मग थांबेनात. "बाईनं बोलावलं म्हणून आलो. थे मशीन लय भारी हाय. सरावनात हत्ती आल्ते ना, छत्तीसगडाकडून येते तो कळप. त्याइनं खाट पाडून टाकली. मी पाह्यलो न पळालो. आठ-दहा रोज तिकडं गेलोच नाई, भेव वाटे. मंग गेलो तं खाट आडवी, दोन पाय मोडून. बांबू लावलो न उभी केलो. कोणाले सांगतलं नाई, बाई रागावन म्हणून. पर आता बाईच सांगून राह्यली का सरावनातबी आवाज आला म्हणून. म्हंजे पाहा, खाट आडवी पडून भी आयकत होती थे!"

सभागृह उठून उभं राहिलं. असल्या टाळ्या मी आयुष्यात ऐकल्या नव्हत्या. सूत्रसंचालकाने श्रद्धा आणि विज्ञान यांच्या संगमावर एक शेर म्हटला.

मी मात्र मनात हिशेब करत होते. जमिनीवर आडवा पडलेला, दोन पाय मोडलेला अँटेना आकाशातली इतकी बारीक खूण इतक्या नेमकेपणाने टिपूच शकत नाही. खाट पडल्यावर खरी खळगी पुसली जायला हवी होती, निदान बदलायला तरी हवी होती. ती तसूभर बदलली नव्हती. म्हणजे ती खाटेतून आलेलीच नव्हती. यंत्र मी उन्हाळ्यात आतून बाहेरून तपासलं होतं. उरलं काय? उरला एक माणूस. शहरातल्या खोलीत बसून ज्याने सगळ्या फायलींमध्ये एकच खळगी मोजून घातली होती. श्रावणातल्या त्या दिवशी रानात हत्ती आले हे त्याला कळायला मार्ग नव्हता. कळलं असतं तर तेवढे दिवस त्याने गाळले असते.

मी त्याच्याकडे वळून पाहिलं. तो मांडीवरच्या नारळाची शेंडी सरळ करत होता.

सभागृहाच्या मागे, जिथे केटररवाले पातेली धुवत होते, तिथे मी त्याला गाठलं.

"मीठ आहे ना?"

"तू अजून तपासण्या संपल्या म्हटलं नाहीस. मी उत्तर देऊ शकत नाही."

"आहे ना?"

"हो. पहिल्या दिवसापासून."

"मग समितीपुढे कशाला बोललास?"

"अनुदान गेलं असतं. गट बंद पडला असता. तू, मी, सगळे. मी खूण सापडली असं म्हटलेलं नाही. तुझं गणित खळगी पकडू शकतं हे खरंच होतं, आशादायक होतं."

"आणि मे महिन्यात? आम्ही मुरूम फोडत होतो तेव्हा?"

"नियमच आहे तो. तुम्हाला थांबवलं असतं तर तुला कळलं असतं."

"छत्री धरायचा कुठला नियम होता रे?"

यावर तो म्हणाला, "तू आत्ता भावनेच्या भरात आहेस." वीस वर्षांत हे वाक्य त्याने माझ्यासमोर दुसऱ्यांबद्दल पुष्कळदा वापरलं होतं. माझा नंबर आज लागला. नियम पाळल्याचं त्याला खरंच समाधान होतं, हे मला त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. दोनपैकी एक नियम त्याने काटेकोर पाळला होता, दुसरा मोडला होता, आणि पहिल्याच्या आड दुसरा झाकून गेला होता.

घरी गेल्यावर बाबांना सगळं सांगितलं. मीठ, खळगी, हत्ती. बाबांनी आयुष्यभर खाणीतलं पाणी उपसलं, त्यांना ते समजायला वेळ लागला नाही.

"म्हंजे तिथी काईच नोतं?"

"असल, बाबा. आमाले नाई दिसलं."

बाबा म्हणाले, "काल इथी जेवला, तवा त्याले मालूम होतं?"

"होय."

"न मी आग्रेव करून राह्यलो." त्यांनी चष्मा काढून पुसला. "मले हसला असल तो मनात."

तसा तो हसला नसेल, असं मी म्हणाले. मला तसं वाटत होतं म्हणून नव्हे.

संयोजकांना फोन करून मी खरं सांगितलं, आणि बातमी दुरुस्त करा, अशी विनंती केली. संयोजक समजूतदार होते. म्हणाले, "मॅडम, सत्कार झाला ना? फोटो छान आलेत. आता कायले लोकायले कन्फ्यूज करता?" समितीलाही कळवलं. समितीने गंभीरपणे विचार केला आणि अनुदान वाढवलं. मीठ घालून आपल्याच गटाची परीक्षा घेणं, आणि गटाने ते ओळखणं, हा प्रामाणिकपणाचा नमुना आहे, असं त्यांचं मत पडलं. मित्राने त्यावर एक लेख तयार केला. माझा उन्हाळा त्यात एका वाक्यात होता: जमिनीची तपासणी करूनही मिसळलेली खूण गटाने यशस्वीपणे टिकवून धरली. हत्तींचा उल्लेख नव्हता. मीठ काढल्यावर उरलेली रेषा मी स्वतः तपासली. ती सपाट होती. त्याबद्दल मला वाईट वाटलं नाही. सपाट रेषा कधी आमच्या घरी येऊन जेवली नव्हती.

मी लेखावरून माझं नाव काढायला सांगितलं, आणि नंतर गटातूनही.

शेवटचं म्हणून रानात गेले. राखणदारभाऊंना खरं सांगणं भाग होतं. ते अजून गावात सांगत होते की आपली खाट आडवी पडूनही ऐकते. बाभळीच्या बुंध्याला टेकून त्यांनी सगळं ऐकून घेतलं. खळगी खोटी होती, साहेबांनीच घातली होती, पहिल्या दिवसापासून.

"म्हंजे उन्हाळ्यातबी?"

"उन्हाळ्यातही."

"त्याले मालूम होतं का खाली काई नाई म्हणून?"

"हो."

"मंग मले काऊन खोदाले लावलं?" ते म्हणाले. "माह्या संग उन्हात उभा होता ना तो. कडा सरळ ठेव म्हणे."

मी त्यांना परीक्षेची रीत समजावून सांगितली. माझ्या सगळ्या कारकिर्दीत ती इतकी पोकळ कधी वाटली नव्हती. त्यांनी मान हलवली, पटल्यासारखी नव्हे, ऐकल्यासारखी.

"तो येईल परत," मी म्हणाले. "प्रमुख आहे."

"येऊ द्या ना. येईल तं आपल्याच हातानं खोदन. मी छत्री धरतो."

पुढच्या मे महिन्यात तो आला, असं कळलं. जाळी वाढवायची होती. मी तेव्हा दुसऱ्या नोकरीत होते, दुसऱ्या शहरात. खड्डा कोणी खोदला, ते मी विचारलेलं नाही.